ऐकण्याची खुर्ची

४ मार्च, मंगळवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक हत्यारांची पेटी आणि मी, चौघंही धड. दादा फाटकातच उभा होता. मला बघून त्यानं असे हात पसरले की जणू मी लढाई मारून आलेय. सहा वर्षांनी भेटलो. पोट सुटलंय त्याचं, पण हसणं तेच. मला अजून छोटी म्हणतो. छोटी सेहेचाळीसची झाली म्हटलं, तर म्हणाला की माझ्या लेखी तू नऊचीच.

नऊची होते तेव्हा बाबा गेले. त्यानंतर मला जे काही येतं ते दादानं शिकवलेलं. रेडिओ उघडायचा कसा, तार जोडायची कशी, सोल्डरिंगचा धूर नाकात न घेता काम करायचं कसं. आज मोठमोठ्या सभागृहांचा आवाज जुळवून पोट भरते ते त्याच्या जिवावर. भाऊ नाही, बापच तो.

चहा व्हायच्या आधीच मला ओढत मागच्या अंगाला घेऊन गेला. गाणं ऐकायची खोली! पाच वर्षं खपून बांधलीय. दुहेरी भिंती, मधे लोकर भरलेली, वीतभर जाडीचं दार. समोर माणसाएवढे दोन लाकडी भोंगे. त्यांच्यामागे अ‍ॅम्प्लिफायर, त्याचे दिवे पेटले की खोली ऊबदार वाटते. रेकॉर्ड लावायचं यंत्र दगडी ओट्यावर, म्हणजे पावलांचा हादरा नको. आणि बरोबर मधोमध एकच खुर्ची. एवढ्या मोठ्या खोलीत एकच का, विचारलं. दादा म्हणाला, खरा आवाज एकाच जागी जमतो, दुसऱ्याला बसवायचं कुठे?

सगळं जागच्या जागी आहे, फक्त मेळ बसत नाही. आवाज येतो, पण गाणारी समोर उभी राहत नाही, असं त्याचं दुखणं. त्यासाठी मी. पंधरा एप्रिलला मला एका नव्या नाट्यगृहाच्या कामावर रुजू व्हायचंय, तोवर सहा आठवडे दादाचे.

एकच वाईट वाटलं. वहिनीला आता अजिबात ऐकू येत नाही. दादा म्हणतो, गेल्या वर्षी ताप डोक्यात गेला. स्वयंपाकघरात पाटी टांगलीय, तिच्यावर लिहून बोलायचं. मला जवळ घेतलं तिनं आणि बराच वेळ सोडलंच नाही. बायको ठार बहिरी आणि नवरा भोंगे बांधतोय, लोक हसत असतील. पण माणसाला दुःख विसरायला काहीतरी लागतंच.

६ मार्च, गुरुवार

काम सुरू. या कामात दोन माणसं लागतात, एकट्याचं ते नव्हेच. एकानं खुर्चीत डोळे मिटून बसायचं, दुसऱ्यानं भोंगे सरकवायचे. बसणारा सांगणार, डावा बोटभर मागे, उजवा किंचित आत वळव. सरकवणारा मुकाट सरकवणार आणि टिपून ठेवणार. दादाकडे त्यासाठी निळी वही आहे. सूतभर हललं तरी वहीत तारीख, वेळ, माप. हा त्याचा लहानपणापासूनचा सोस.

कान माझे तिखट, म्हणून बसायचं मी. यात वाद नव्हताच.

दुपारी सुतार आला, भिंतीच्या पट्ट्या त्यानंच ठोकल्यात. एक नंबरचा चमत्कारिक माणूस! मेन स्विच बंद केल्याशिवाय उंबरठा ओलांडेना. आत आला तरी खुर्चीला वळसा घालून गेला. जाताना मला हळूच म्हणाला की ताई, मोजायचं ते माइक लावून मोजा, तुम्ही कशाला बसता. मी म्हटलं, बाबा रे, मी रंधा न मारता टेबल बनव असं तुला सांगितलं तर? तो हसला नाही. दादानं त्याला हाक मारली तसा चपला पायात घालत सटकलाच.

९ मार्च, रविवार

जमलं! अगं बाई, काय जमलं! डावा भोंगा दोन बोटं मागे घेतला, पडदा अर्धा ओढला, आणि गाणारी बाई समोर उभी राहिली. तिनं श्वास घेतला तो ऐकला. ओठ उघडले ते ऐकलं. तबलजीची अंगठी तबल्याच्या काठाला लागली तेसुद्धा. तीस वर्षं या धंद्यात आहे, असं कधी ऐकलं नव्हतं. उठवेचना. दादा चार तास भोंग्यापाशी उभा, एका शब्दानं म्हणाला नाही की मला बसू दे. देवमाणूस आहे.

संध्याकाळी भिंगरीचा फोन. माझी लेक, वीस वर्षांची, वसतिगृहात राहते, परीक्षा तोंडावर आणि तोंडाचा पट्टा चालू. आज तिचा आवाज गोधडीतून बोलल्यासारखा येत होता. फोन बदल म्हटलं तिला.

१३ मार्च, गुरुवार

माझ्या खोलीच्या खिडकीत सकाळी चिमण्यांची शाळा भरते. भांडतात, चोची मारतात. पण आवाज नाही. दादानं इथेही दुहेरी काच घातलीय वाटतं. नळाचं पाणीसुद्धा मुकं पडतं. आवाज कोंडायच्या नादात घरच गिळून टाकलंय या माणसानं.

मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. म्हणून खुर्चीत बसून कान तपासले. बारीकात बारीक सूर चढवत नेला. पंधरा हजार हर्ट्झपर्यंत लख्ख ऐकू आला! या वयात पंधरा हजार म्हणजे चेष्टा नाही. कान ठणठणीत आहेत, दोष घराचा.

१५ मार्च, शनिवार

आज घरात सण असल्यासारखं झालं. माझ्या हातून चमचा फरशीवर पडला आणि वहिनी वळली! तिची पाठ होती माझ्याकडे. मी पुन्हा पाडला, ती पुन्हा वळली. मग आम्ही दोघी वेड्यासारख्या चमचे पाडत बसलो. ती रडली, मी रडले, दादा भिंतीला टेकून रडला. नव्या औषधाचा गुण, म्हणाला. मी त्याला मिठी मारली.

खरं सांगायचं तर मला त्या चमच्याचा आवाज फारसा आला नाही. आनंदात असेल.

१९ मार्च, बुधवार

नाट्यगृहवाल्यांना कानाचा दाखला हवा म्हणून चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कानाला टोप्या लावल्या, बटण दाबायला सांगितलं. मी वाट बघतेय, सूर कधी सुरू होणार. पंधरा मिनिटं झाल्यावर त्यांनी कागद पुढे ठेवला. रेघ अर्ध्यातून तुटून खाली. अर्ध्याहून जास्त गेलंय म्हणाल्या. कधीपासून, त्यांनी विचारलं.

मी चिडले. त्या टोप्यांची तार सैल होती, मी डोळ्यांनी पाहिलं. मीच त्यांना सांगितलं की बाई, आधी तुमचं यंत्र तपासा. परत येऊन खुर्चीत बसले, पुन्हा पंधरा हजारापर्यंत सगळं स्वच्छ. दादाला कागद दाखवला. त्यानं नीट घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, असल्या स्वस्त यंत्रांच्या नादी लागू नकोस, तुझे कान मला माहीत आहेत.

२२ मार्च, शनिवार

भिंगरी बोलत होती आणि मला कळेना. नुसतं भरडल्यासारखं. काय म्हणालीस, काय म्हणालीस, चारदा विचारलं. शेवटी फोन दादाकडे दिला. त्यानं तिच्याशी बोलून मला ओठ स्पष्ट हलवून सांगितलं, पोर मजेत आहे, पेपर चांगले गेले, काळजी करू नकोस.

वहिनी आता पाटी वापरत नाही. जिन्यावर माझी चाहूल लागली की आधीच दार उघडते. माझ्याकडे बघत मात्र नाही. मी समोर गेले की तिला एकदम काहीतरी काम आठवतं.

२५ मार्च, मंगळवार

आता खोटं कशाला लिहू. बाहेर काही ऐकू येत नाही. माझाच खोकला छातीत कळतो, कानात नाही.

पण खुर्चीत सगळं येतं. सगळं. बसलं की जग चालू, उठलं की बंद. आज सात तास बसले. जेवायला उठायचं जिवावर आलं होतं. माझ्याच कानांनी ऐकतेय मी तिथे, माझेच कान आहेत ते, मला ओळखू येतात. मग ते माझ्याजवळ का नाहीत?

२७ मार्च, गुरुवार

वही वाचली.

दादा बाजारात गेला होता. डावा भोंगा मूळ कुठे होता ते बघायचं होतं मला, बाकी काही मनात नव्हतं.

मापं पहिल्या वीस पानांतच संपतात. पुढच्या पानावर दोन रकाने. डावीकडे वर लिहिलंय 'ही', उजवीकडे 'सुतार'. हिचं गेलं: चिमण्या. सुताराचं आलं: चिमण्या. हिचं गेलं: दाराची बेल. सुताराचं आलं: बेल. तारखा गेल्या वर्षीच्या. ताप कुठला आणि काय कुठलं! आधी सुतार बसला चाचणीला, त्याचे कान गेले. मग वहिनी बसली आणि सुताराचे परत आले. खुर्ची एकाला धरते तेव्हा आधीच्याला सोडते.

पान उलटलं. डावीकडे 'छोटी', उजवीकडे 'ही'.

१३ मार्च, छोटीचं गेलं: चिमण्या, नळ. १५ मार्च, हिला आलं: चमचा.
२२ मार्च, छोटीचं गेलं: भाचीचा आवाज. हिला आलं: माझा आवाज.

त्याच्या त्या सुबक अक्षरात. पट्टीनं रेघा मारून.

मी चमचे पाडत होते. तो भिंतीला टेकून रडत होता. आणि मग आत जाऊन त्यानं हे लिहिलं.

२८ मार्च, शुक्रवार

वही त्याच्या ताटाशेजारी ठेवली. वहिनी उठून आत गेली. म्हणजे तिलाही माहीत होतं. पहिल्या दिवशी मला सोडत नव्हती ती मिठी कसली होती ते कळलं.

दादानं पाटी घेतली. लिहिलं की हिची दशा बघवत नव्हती. लिहिलं की छोटे, तुझ्याशिवाय मी कुणाकडे मागणार होतो. पुसलं. लिहिलं, परक्याला फसवायचं मनाला पटेना.

परक्याला फसवायचं मनाला पटेना! म्हणून बहिणीला. मी किंचाळले असेन, कारण घसा दुखतोय. केसानं गळा कापलास म्हटलं. मागितले असतेस तर एक कान दिलाही असता रे तुला, मूर्खा. विचारायचंस तरी.

हातोडा घेऊन भोंग्यांकडे गेले. त्यानं पाय धरले. पाटीवर लिहिलं की फोडलंस तर आत आहे ते आतच राहील, कायमचं. हातोडा खाली ठेवला. दुसरं काय करणार होते मी?

२९ मार्च, शनिवार

सकाळी दादानं दाराखालून चिठ्ठी सरकवली. मी बसतो, असं लिहिलं होतं. चूक माझी, भरणार मी. तुझे सगळे कान परत येईपर्यंत रोज बसेन. तू वरच्या खोलीत राहा, खाली आवाज मोठा असतो, आलेले कान जपायला हवेत.

खूप रडले. शेवटी दादाच तो. माझ्या मनातला राग गेला नाही, पण बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

१ एप्रिल, मंगळवार

हे लिहिताना कागदावर पेन खरखरतंय. खरखरतंय! दोन पानं नुसती गिरगोटली त्या आवाजासाठी.

३ एप्रिल, गुरुवार

चिमण्या. केवढ्या भांडतात मेल्या.

जेवताना वहिनीनं दादाला मीठ मागितलं. तो खाली मान घालून जेवत राहिला. तिनं दोनदा मागितलं. मग मीच उठून दिलं. पाटीवर लिहिलं, दादा, फार त्रास होतोय का? त्यानं वाचलं, नाही म्हणून मान हलवली. डोळे पुसले.

एवढ्या भराभर कसं परत येतंय? मला तीन आठवडे लागले होते. जास्त वेळ बसत असेल बिचारा.

६ एप्रिल, रविवार

भिंगरीशी फोनवर बोलायची घाई नको, कान कोवळे आहेत असं दादानं लिहून दिलं. म्हणून लेखी निरोपच. तिचं उत्तर लगेच येतं. आई, तुझे कान परत येणार, मामानं सगळं सांगितलंय. पुढे हसरं तोंड.

सगळं म्हणजे काय सांगितलं? पोरीला उगाच घाबरवायचं कशाला, म्हणून ओरडणार होते त्याला. पण त्याला ऐकू कुठे येतंय.

८ एप्रिल, मंगळवार

माझ्या दाराला बाहेरून कडी. दुपारी तीन ते सहा. भोंग्याचा हादरा लागू नये म्हणून, अशी चिठ्ठी. कडीचा आवाज मात्र मला आला. हळूच लावत होता. ज्याला ऐकू येत नाही तो आवाज होऊ नये म्हणून जपेल कशाला—

नाही. मनाचे खेळ आहेत.

१० एप्रिल, गुरुवार

सगळं परत आलं. जिना करकरतो तोसुद्धा. आणि म्हणूनच ऐकलं.

जिन्याखाली दोघं कुजबुजत होती. वहिनीनं विचारलं की अजून किती दिवस. अगदी हळू विचारलं. आणि दादानं उत्तर दिलं.

त्यानं उत्तर दिलं.

दोन दिवस फार तर, म्हणाला. पोर आपणहून बसतेय, म्हणाला. आईचे कान परत यायला हवेत म्हणून तिनंच हट्ट धरला, आपण काही बळजबरी केलेली नाही. सुताराच्या घरी तिची राहायची सोय नीट आहे.

पोर. कोणती पोर. लिहितेय आणि तरी विचारतेय.

माझ्या हातानं त्याला फोन दिला होता. काय म्हणते रे ती, सांग मला, म्हणून. मीच.

१० एप्रिल, नंतर

बाहेरून दार लावलंय. हाका मारल्या, बुक्क्या मारल्या. दादा खाली आहे, त्याच्या चपला वाजतात. बहिऱ्यासारखा येरझाऱ्या घालतोय, हरामखोर. दादा, तुला ऐकू येतं. मला माहीत आहे. दादा—

परत नको मला. माझे कान नकोत. घे, घे परत. तिचं—

साडेपाच. खालचं जाड दार उघडलं. हवा सुटल्यासारखा आवाज. कोणीतरी बाहेर आलं. हलकी पावलं, टाच आधी टेकवणारी. वीस वर्षं ओळखते ती.

भिंगरी म्हणून ओरडले. छाती फुटेस्तोवर. पावलं चालतच आहेत.

फोन लावतेय. एका हातानं लिहितेय, थांबवत नाही—

लागला. रिंग दोनदा ऐकू येतेय, एकदा कानाशी, एकदा खाली. तिच्या पिशवीत. पिशवी तिच्या खांद्याला, आणि पावलं आणि रिंग बरोबरच चाललीत, व्हरांड्यातून, फाटकाकडे. थांबत नाही. अगं वाजतोय ना. पिशवीत वाजतोय. भिंगरी, उचल, उचल गं, वर बघ, मी इथे खिडकीत, एकदा मान वर—